नकाशावर तालुका लाल दिसतोय, म्हणजे माती बिघडली का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात गल्लत झाली असेल तर लगेच कळेल. तुम्ही भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावर आपल्या तालुक्याची भूरासायनिक माहिती पाहिलीत. गावाच्या ओढ्यातल्या गाळात तांबं १६५, क्रोमियम १९०, व्हॅनेडियम ३४०, जस्त ११८ आणि शिसं ९ पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग), आणि नकाशावर तुमचा भाग लालभडक. मग तुम्ही इंटरनेटवर कॅनडाचा शेतजमिनीचा तक्ता शोधलात. त्यात तांब्याला ६३, क्रोमियमला ६४ आणि व्हॅनेडियमला १३० ही मर्यादा. म्हणजे तुमचे आकडे अडीच ते तीन पट. गावाशेजारी कारखाना आहे, तेव्हा संशय तिकडे गेला. वर मृदा आरोग्य पत्रिका सांगते की शेतात जस्त कमी आहे, फक्त ०.४. नकाशा म्हणतो जस्त भरपूर, पत्रिका म्हणते कमतरता. ‘यातलं खोटं कोण?’ असं तुम्ही विचारलंय.

कोणीच नाही. पण तिघंही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत, आणि तुमचा स्वतःचा प्रश्न चौथाच आहे.

काही गोष्टी मला इथे बसून सांगता येणार नाहीत, त्या आधीच सांगतो. नमुना ओढ्याच्या नेमक्या कुठल्या ठिकाणी घेतला, कारखाना त्याच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, तुमची जमीन खोल काळी आहे की माळावरची बरड, तुम्ही वर्षानुवर्षं काय फवारत आलात, यावर बरंच अवलंबून आहे. मी जे सांगतोय ते तुमच्या आकड्यांवरून आणि तीसेक वर्षं असेच ओढे तुडवल्यावर बसलेल्या अंदाजावरून.

सुरुवात गाळापासून. आपण शेतातली माती सोडून ओढ्यातला गाळ का गोळा करतो? कारण ओढा हा फुकटचा मजूर आहे. वरच्या सगळ्या पाणलोटातला मुरूम, माती, खडकाचा चुरा तो पावसाळ्यात ओढून आणतो, मिसळतो आणि वळणावर टाकतो. ओंजळभर गाळात वरच्या शेकडो एकरांची सरासरी असते. आपल्या राष्ट्रीय भूरासायनिक मापनात साधारण दर चौरस किलोमीटरला एक नमुना घेतात आणि दोन बाय दोन किलोमीटरच्या चौकटीतले चार नमुने एकत्र करून त्याचं पृथक्करण करतात. पन्नास हजारी प्रमाणाच्या एका टोपोशीटमध्ये, म्हणजे भूपृष्ठाच्या सरकारी नकाशाच्या एका पानात, साधारण ७०० चौरस किलोमीटर बसतात, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास एकत्रित नमुने. तेव्हा तुम्ही नकाशावर बोट ठेवलंत तो आकडा तुमच्या बांधाचा नाही. तो चार चौरस किलोमीटरचा आहे आणि त्यात तुमच्या शेताचा वाटा चिमूटभर.

गोळा करतानाही पथ्यं असतात. आम्ही दिवाळीनंतर निघायचो, ओढे आटायला लागले की. पात्रात पन्नास-शंभर मीटर चालत पाच-सहा जागी थोडा थोडा गाळ घ्यायचा. पुलाखालचा नाही, पाणवठ्यावरचा नाही, गणपती विसर्जनाच्या डोहातला तर नाहीच. काठ ढासळून पडलेली माती नको, कारण ती वरून वाहत आलेली नसते. मग सावलीत वाळवायचा आणि चाळून सव्वाशे मायक्रॉनखालचा बारीक भाग ठेवायचा. हे करताना गावातलं कोणीतरी हमखास येऊन विचारणार, ‘साहेब, सोनं घावलं का?’ सोनं कधी घावलं नाही. उलट आमच्याच बोटातल्या अंगठ्या आधी उतरवून ठेवाव्या लागत, कारण सोनं अब्जांशात मोजायचं असेल तर अंगठीचा एक ओरखडासुद्धा नमुना नासवतो.

एक प्रसंग आठवतो. नोकरीच्या सुरुवातीला एका मोसमात माझ्या सलग काही पिशव्यांत तांबं आणि जस्त दोन्ही एकदम चढलेले आले, शेजारच्या चौकटींत मात्र काहीच नाही. मी मनातल्या मनात खाण शोधून मोकळा झालो होतो! वरिष्ठांनी शांतपणे चाळणी मागवली. जाळी पितळी होती आणि एका कडेला झिजली होती. पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. तेव्हापासून नायलॉनची चाळणी, आणि दर वीसेक ठिकाणांमागे एका ठिकाणी पुन्हा जाऊन दुसरा नमुना, प्रयोगशाळेला न सांगता. त्या जोडीतला फरक आणि दोन गावांमधला फरक सारखाच निघाला, तर नकाशाचे रंग पाहण्यात अर्थ नाही.

आता लाल रंगाबद्दल. यानेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. बहुतेक भूरासायनिक नकाशांत रंग टक्केवारीच्या क्रमाने देतात: सगळे नमुने चढत्या क्रमाने लावायचे, वरच्या पाच-दहा टक्क्यांना लाल आणि तळाच्यांना निळा. म्हणजे लाल हा वर्गातल्या पहिल्या नंबरासारखा. वर्ग हुशार असो की ढ, पहिला नंबर कोणाचा तरी येतोच. चौकट बदला, रंग बदलतो. फक्त तुमचा तालुका घेतला तर त्यातला एक कोपरा लाल होणारच. संपूर्ण देशाचा नकाशा घेतलात तर तांब्यासाठी अख्खं दख्खनचं पठार लाल दिसेल, कारण शेजारी गंगेचा गाळ आणि राजस्थानची वाळू आहे. रंगात ‘धोका’ असं काही लिहिलेलं नसतं.

तुमच्या पायाखालचा खडक बेसॉल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ. पृथ्वीच्या वरच्या कवचात तांब्याची सरासरी २८ पीपीएमच्या आसपास धरतात. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये १०० ते २५० सहज सापडतं. व्हॅनेडियम तीनशेच्या घरात, लोह आणि टायटॅनियम भरपूर, जस्त शंभराच्या आगेमागे. खडकच असा, तर त्याच्या झिजेतून झालेली काळी माती आणि ओढ्यातला गाळ वेगळा कसा असेल? तुमचा १६५ हा आकडा मला कोणी गावाचं नाव न सांगता दाखवला असता, तर मी ‘पठारावरचा आहे’ एवढंच म्हणालो असतो. कॅनडाचा तक्ता चुकीचा नाही. तो तिथल्या मातीचा विचार करून बांधलाय. तो इथे लावला तर सह्याद्रीपासून नागपूरच्या अलीकडेपर्यंतची बहुतेक जमीन प्रदूषित ठरवावी लागेल, आणि तीही कारखाने उभे राहण्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून.

बेसॉल्टसुद्धा सगळा एकसारखा नाही, हेही सांगून ठेवतो. सह्याद्रीतले लाव्ह्याचे थर डोळ्यांना सारखेच दिसतात. पण रसायनावरून ते जव्हार, ठाकूरवाडी, बुशे, अंबेनळी, महाबळेश्वर अशा नावांच्या गटांत वेगळे काढले आहेत. बुशेत टायटॅनियम कमी, तर दुसऱ्या एखाद्या गटात जास्त. त्यामुळे एकाच तालुक्यात घाटमाथ्याची गावं निळी आणि खालची लाल दिसली तर त्यामागे नुसती थरांची अदलाबदल असू शकते. भर म्हणून ओढ्याची स्वतःची करामत आहेच. वळणावर काळ्या चमकदार रेतीचे पट्टे दिसतात ना? त्यावर लोहचुंबक फिरवा, मिशा फुटल्यासारखी रेती चिकटते. ते टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट. पाणी हलकं वाहून नेतं आणि जड मागे ठेवतं, म्हणून अशा जागचा गाळ घेतला तर व्हॅनेडियम आणि क्रोमियम खडकापेक्षाही जास्त दिसतात.

मग खडकाचं देणं आणि माणसाची करणी ओळखायची कशी? एका आकड्यावरून कधीच नाही. मी नेहमी कुटुंब बघतो. बेसॉल्टमधून येणारं तांबं एकटं येत नाही. लोह, टायटॅनियम, व्हॅनेडियम, कोबाल्ट अशी भावंडं बरोबर घेऊन येतं. तांबं चढलं आणि व्हॅनेडियमही त्याच प्रमाणात चढलं, तर ती घरचीच मंडळी. तांबं चढलं आणि बाकीचे जागच्या जागी राहिले, तर पाहुणा बाहेरून आलाय. तुमच्या आकड्यांत तांबं आणि व्हॅनेडियम जोडीने वर आहेत.

खरं सांगायचं तर तुमच्या यादीत मी सगळ्यात आधी शिसं पाहिलं. बेसॉल्टमध्ये शिसं जेमतेम असतं, काही पीपीएम. म्हणून पठारावर तांब्याचा १६५ पाहून मी चहा घेत बसेन, पण शिशाचा ४० दिसला तर उठेन. हाच ४० भंडारा-गडचिरोलीकडच्या ग्रॅनाइटी भागात असता, तर एवढा दचकलो नसतो, कारण तिथे वीस-तीस हे नेहमीचंच. तुमचं शिसं ९ आहे. नमुना कारखान्याच्या खालच्या अंगाचा असेल, तर निदान शिशाच्या बाबतीत त्याच्याकडे बोट दाखवायला या आकड्यात काही नाही. नमुना त्याच्या वरच्या अंगाचा असेल, तर हा आकडा कारखान्याबद्दल काहीच बोलत नाही. निर्दोष आहे असंही नाही. पाणी वर चढत नाही, म्हणून आधी टोपोशीटवर ओढा कुठून कुठे जातो ते बघा.

क्रोमियमची भीती वेगळी आहे, कारण त्या नावाशी चामडं कमावण्याचे आणि मुलामा देण्याचे कारखाने जोडले गेलेत. क्रोमियम दोन रूपांत भेटतं. खडकातलं बहुतेक त्रिसंयुजी, खनिजाच्या दाण्यात घट्ट बसलेलं, पाण्यात जवळजवळ न विरघळणारं. विषारी आणि पाण्याबरोबर पसरणारं ते षट्संयुजी. नकाशावरचा १९० हा एकूण आकडा आहे, दोन्ही धरून. तो कसा मोजला हेही महत्त्वाचं. एक्स-रे फ्लुरोसन्सने गाळाची वडी मोजली तर दाण्यांत अडकलेलं सगळं क्रोमियम धरलं जातं. आम्लराजात, म्हणजे तीव्र आम्लांच्या मिश्रणात, उकळून मोजलं तर बरंच कमी येतं, कारण ते दाणे त्या आम्लालाही दाद देत नाहीत. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळले नाहीत की लोक एकमेकांना खोटं ठरवतात. आधी पद्धत विचारा.

आता जस्त. हा तुमच्या प्रश्नाचा सगळ्यात सुंदर भाग आहे. गाळात ११८ आणि पत्रिकेत ०.४, दोन्ही पीपीएममध्येच, म्हणजे जवळजवळ तीनशेपट फरक. शेताची माती अगदी ११८ ची नसेल, पण शंभराच्या आसपास धरायला हरकत नाही. नकाशाचा आकडा एकूण जस्ताचा. खडकाचे कण, चिकणमाती, लोहाचे थर यांच्यात कोंडलेलं सगळं. पत्रिकेत डीटीपीए नावाच्या द्रावणात जेवढं सुटून येतं तेवढंच मोजतात, कारण पिकाच्या मुळांना साधारण तेवढंच हाताला लागतं. तिथे ०.६ च्या खाली गेलं की कमतरता. आपली काळी माती चुनखडीची आणि अल्कधर्मी, सामू (पीएच) आठच्या आसपास. सामू एकाने वाढला की द्रावणातलं जस्त साधारण शंभरपट घटतं. म्हणजे तुमचं जस्त मुदत ठेवीत आहे आणि पत्रिका खिशातली नोट मोजतेय. बँकेत लाख रुपये असले तरी एसटीचं तिकीट खिशातल्याच पैशांनी काढावं लागतं.

हेच उलट बाजूने इंग्लंडमध्ये घडलं. १९७८ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या जॉन वेब यांच्या गटाने ओढ्यांच्या सुमारे पन्नास हजार नमुन्यांवरून इंग्लंड आणि वेल्सचा नकाशासंग्रह काढला. सॉमरसेट परगण्यातल्या शिपहॅम या खेड्यात शतकांपूर्वी जस्ताच्या खाणी होत्या, आणि तिथल्या परसबागांच्या मातीत कॅडमियम हा विषारी धातू शेकडो पीपीएमपर्यंत निघाला. १९७९ च्या सुमारास मोठा गदारोळ झाला, गावकऱ्यांच्या तपासण्या झाल्या. आकड्याकडे पाहून जेवढी भीती वाटत होती, तेवढा अपाय आढळला नाही. तिथली मातीही चुनखडीची, अल्कधर्मी होती आणि कॅडमियम भाजीत फारसं उतरत नव्हतं. जी माती तुमच्या ज्वारीला जस्त देत नाही, तिच्याच स्वभावाने शिपहॅमच्या लोकांना वाचवलं.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, नैसर्गिक आहे म्हणजे काळजी नाही. तसं मात्र नाही, आणि हे मी ठासून सांगतो. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने मुलांचे दात डागाळतात, मोठ्यांची हाडं आणि सांधे आखडतात. तिथे कोणी कारखानदार फ्लोराइड टाकायला गेला नव्हता. गडचिरोलीला लागून छत्तीसगडच्या राजनांदगाव भागात कौरिकसा परिसरातलं भूजलातलं आर्सेनिकही खडकातलंच. तेव्हा ‘नैसर्गिक की मानवी’ हा प्रश्न जबाबदारी ठरवायला ठीक आहे. प्यायच्या पाण्यापुरता त्याचा उपयोग नाही.

आणि पाण्याबाबत ओढ्याचा गाळ फसवतो. फ्लोराइड खोल बोअरमध्ये वाढतं, जिथे पाणी खडकात वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, सोडियम वाढून कॅल्शियम घटलेलं असतं. ओढ्यातल्या गाळाला त्याची गंधवार्ताही नसते. म्हणून पाण्याबद्दल नकाशाला विचारूच नका, पाण्यालाच विचारा. प्यायच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्रोमियम ०.०५, आर्सेनिक ०.०१ आणि फ्लोराइड १ मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर फ्लोराइड १.५ पर्यंत चालवून घेतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यांत आहेत. विहिरीचं वेगळं आणि बोअरचं वेगळं पाणी द्या, एकत्र करू नका.

थोडक्यात आतापर्यंतचं: तांबं, व्हॅनेडियम, क्रोमियम हे मला खडकाचे वाटतात, जस्ताचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, पाणी स्वतंत्र तपासायचं, आणि कारखान्याबद्दल या नकाशावरून कुठल्याच बाजूने निकाल देता येणार नाही.

तरीही शंका राहिली, आणि ती राहावी असंच मला वाटतं, तर स्वतः करता येईल अशी एक तपासणी सांगतो. एकाच जागी दोन नमुने घ्या: वरच्या वीतभर थराचा एक आणि खाली, मुरूम लागायच्या आधी जितकं खोल जाता येईल तिथला दुसरा. खडकाचं देणं असेल तर खालीही तेवढंच किंवा थोडं जास्त निघतं. बाहेरून आलेलं वरच्याच थरात साठतं, कारण काळी माती त्याला खाली जाऊ देत नाही. नाशिक-तासगावकडच्या जुन्या द्राक्षबागांत मोरचूद आणि बोर्डो मिश्रणाच्या फवाऱ्यांनी वरच्या थरात तांबं साचत जातं. तुमची बाग असेल किंवा आधीच्या मालकाची होती असं कळलं, तर तांब्याचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल आणि त्यात कारखान्याचा काही संबंध नसेल.

ही जोडी तीन ठिकाणी घ्या. एक तुमच्या शेतात. एक कारखान्याच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, पुराचं पाणी पोचतं तिथे. आणि एक अशा जागी जिथे नांगर कधी लागला नाही. गावाला देवराई असेल तर उत्तम, नाहीतर जुनं गायरान. मी कुठल्याही गावात गेलो की आधी देवराई कुठे आहे ते विचारायचो. मातीचा मूळ स्वभाव पाहायला त्यासारखी जागा नाही. पुजाऱ्याला विचारून घ्या आणि ओंजळीपेक्षा जास्त माती उचलू नका. तिन्ही जागा एकाच प्रकारच्या जमिनीवर असाव्यात; काळीची तुलना बरडीशी केलीत तर सगळी मेहनत वाया.

माती लाकडी फळीने किंवा प्लास्टिकच्या खुरप्याने काढा आणि स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत भरा. पत्र्याचं घमेलं अजिबात नको. त्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि माझ्या पितळी चाळणीची गोष्ट तुमच्या शेतात पुन्हा घडेल. सहाही नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच दिवशी, एकाच पद्धतीने तपासायला द्या. तांबं, क्रोमियम, जस्त, शिसं, कॅडमियम यांच्याबरोबर लोह आणि व्हॅनेडियमही मागा. प्रयोगशाळेला ते अनावश्यक वाटेल, पण कुटुंब ओळखायला तेच लागतात. पिशव्यांवर जागांची नावं लिहू नका, नुसते आकडे घाला, आणि शेतातला एक नमुना दोन पिशव्यांत वाटून वेगवेगळ्या आकड्यांखाली द्या. त्या दोन पिशव्यांची उत्तरं जुळली नाहीत, तर बाकीची पाचही बाजूला ठेवा आणि पैसे परत मागा.

निकाल आले की इथेच टाका, सोबत ओढ्याचा हाताने काढलेला नकाशा. कारखाना, नमुन्याच्या जागा आणि पाणी कुठल्या दिशेने वाहतं एवढं त्यात असलं तरी पुरे. तोवर जस्तासाठी मात्र थांबू नका. ०.४ ही कमतरताच आहे. हेक्टरी वीस-पंचवीस किलो झिंक सल्फेट शेणखतात कालवून पेरणीआधी द्यायची पद्धत आहे. तुमच्या पिकाला नेमकं किती ते कृषी सहायकांना विचारून घ्या, आणि स्फुरदाच्या खतात एकत्र मिसळू नका.